बंडूचं जेवण, त्याचा हिशोब आणि नाशिकची द्राक्षं

घरी कुत्रा आहे म्हटलं की लोकांचे दोनच प्रश्न असतात, चावतो का आणि महिन्याला खर्च किती येतो. पहिल्याचं उत्तर सोपंय, आमचा बंडू फक्त चपला चावतो, त्याही नव्याच. दुसऱ्या प्रश्नाला मात्र समोरच्याला एक आकडा हवा असतो आणि मी सुरू करते की वजन किती, वय किती, नसबंदी झालीय का, दिवसभर पळतो की सोफ्यावर लोळतो, मग समोरचा हळूच मोबाईल काढतो. म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकावं, म्हणजे इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर उभं राहून रोज तेच तेच सांगायला नको.

बंडू म्हणजे आपला साधा गावठी, हल्ली लोक इंडी म्हणतात, वजन १८ किलो, नसबंदी झालेली, सकाळ-संध्याकाळचं फिरणं सोडलं तर गॅलरीतून रिक्षांवर भुंकणं एवढाच त्याचा व्यायाम. घरात सासूबाई पक्क्या शाकाहारी, बाकी आम्ही बुधवार-रविवारवाले. बजेट म्हणाल तर गृहकर्जाचा हप्ता आणि मुलाच्या क्लासची फी भरून जे उरतं त्यात बसणारं. म्हणजे महिन्याला कुत्र्यावर पाच-सात हजार उडवणाऱ्यांसाठी हे लिखाण नाही, त्यांनी खुशाल पुढे जावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. डॉगफूडच्या पोत्यावर किलोचा जो भाव असतो ना, त्यावरून काहीही कळत नाही. ते स्वस्त आहे हेही कळत नाही आणि चांगलं आहे हेही नाही. बघायचं ते हे, की माझ्या कुत्र्याचं एका दिवसाचं पोट त्यात कितीला भरतं. आणि त्यासाठी आधी त्याला दिवसाला किती कॅलरी लागतात ते माहीत पाहिजे, जे आपल्याकडे शंभरात नव्वद लोकांनी कधी काढलेलं नसतं असा माझा अंदाज आहे, वाटीने मोजून टाकतात आणि वाटी कुठली तर वरणाची.

हे काढायला कॉम्प्युटर लागत नाही, मोबाईलचा कॅल्क्युलेटर बास. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, तो आकडा तीनदा लिहून त्यांचा गुणाकार करा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. बंडूचं करून दाखवते, १८ गुणिले १८ गुणिले १८ म्हणजे ५८३२, त्याचं वर्गमूळ ७६.४ च्या आसपास, परत वर्गमूळ ८.७४, गुणिले ७० म्हणजे साधारण ६१२. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी एनर्जी. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला हे १.६ ने गुणतात म्हणजे ९८० येतात, पण आमच्यासारखा आळशी असेल तर १.४ धरलं तरी चालतं, ८५७. मी मधला मार्ग काढून ९०० धरलेत. हा काही ब्रह्मवाक्य आकडा नाही, दोन कुत्र्यांत बराच फरक पडू शकतो, पण सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं. वजन कसं करायचं विचाराल तर घरच्या काट्यावर आधी आपण एकटे उभे राहा, मग त्याला उचलून घ्या, वजाबाकी करा. लॅब्रा असेल तर नवऱ्याला बोलवा.

आता पोतं. चांगल्या कंपन्या १०० ग्रॅमला किती कॅलरी ते छापतात, पण पुष्कळ पॅकवर ते सापडतच नाही, प्रोटीन, फॅट, फायबर आणि मॉइश्चर एवढेच चार आकडे असतात. तेवढ्यावरही काम भागतं. या चौघांची बेरीज करा, राखेचे म्हणजे खनिजांचे म्हणून अंदाजे ८ मिळवा, ते सगळं १०० मधून वजा करा, जे उरलं ते कार्बोहायड्रेट म्हणजे धान्याचा भाग. मग प्रोटीन गुणिले साडेतीन, फॅट गुणिले साडेआठ, कार्बोहायड्रेट गुणिले साडेतीन, तिघांची बेरीज म्हणजे १०० ग्रॅमच्या कॅलरी.

समजा एका पोत्यावर लिहिलंय प्रोटीन २०, फॅट १०, फायबर ५, ओलावा १२. उरले ४५. हिशोब येतो ३१२ कॅलरीच्या आसपास. दुसरं जरा वरचं पोतं, प्रोटीन २६, फॅट १६, फायबर ३, ओलावा १०, उरले ३७, हिशोब ३५६. आता पहिलं समजा १८० रुपये किलो आणि दुसरं २६०. दुकानात उभं राहिलं की वाटतं बापरे किलोमागे ८० रुपये जास्त. पण बंडूला ९०० कॅलरीसाठी पहिलं लागणार २८८ ग्रॅम म्हणजे ५२ रुपयांचं आणि दुसरं २५३ ग्रॅम म्हणजे ६६ रुपयांचं. दिवसाला १४ रुपयांचा फरक. आता हे १४ रुपये द्यायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, महिन्याला सव्वाचारशे होतात, कोणाला जड जातात कोणाला नाही, पण निदान भांडण खऱ्या आकड्यावर तरी होतं. (भाव मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून धरलेत, ऑनलाईन सेल आणि गल्लीतलं दुकान यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे तुम्हाला माहितीच आहे.)

हाच हिशोब त्या ग्रेव्हीच्या छोट्या पाऊचना लावून बघा, डोळे पांढरे होतील. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, १०० ग्रॅमला ८० कॅलरी धरल्या आणि पाऊच ७० ग्रॅमचा असला तर एकात ५६ कॅलरी, म्हणजे बंडूचं पोट भरायला रोज सोळा पाऊच. कोण देणार. ते आम्ही औषधाची गोळी लपवायला वापरतो तेवढंच. आणि पाऊचवर प्रोटीन ८ टक्के आणि कोरड्या फूडवर २० टक्के दिसतं म्हणून पाऊच कमअस्सल असंही नाही हं, पाणी काढून बघितलं तर त्याच ८ चे ४० टक्के होतात. फसवाफसवी नाही, पाण्याचा खेळ आहे सगळा.

बरं कॅलरी झाल्या, पण पोट भरणं आणि पोषण होणं वेगळं. त्यासाठी पोत्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक वाक्य शोधायचं, की हे फूड 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे का आणि कोणत्या वयासाठी. कुठे एएएफसीओचं नाव असतं, ही अमेरिकेतली संस्था, ती फूड पास-नापास करत नाही, फक्त कुठलं पोषकद्रव्य किमान किती हवं याचे तक्ते ठरवते. त्यांच्या तक्त्यात मोठ्या कुत्र्याला पाणी काढून किमान १८ टक्के प्रोटीन आणि साडेपाच टक्के फॅट, पिल्लाला साडेबावीस आणि साडेआठ. आपल्याकडे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, आयएस ११९६८ हे कुत्र्या-मांजरांच्या फूडचं मानक आहे. म्हणजे बघा, साधं २० टक्के प्रोटीनवालं पोतंसुद्धा मोठ्या कुत्र्याच्या किमान गरजेच्या वरच आहे. ३२ टक्के, ३६ टक्के प्रोटीनचे पॅक बघून आपण उगाच हळहळतो, रिक्षांवर भुंकणाऱ्या प्राण्याला ते कशाला हवंय. पॅकवर 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' किंवा 'टॉपर' लिहिलं असेल तर मात्र ते जेवण नाही, तोंडी लावणं आहे, त्यावर कुत्रा जगवायचा नाही.

घटकांच्या यादीवरून तर लोक फार वाद घालतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिलं नाव चिकन दिसलं की आपण खूश. पण ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते वाळून गेलं की चिकन यादीत खाली घसरलं असतं, आणि 'चिकन मील' म्हणजे आधीच वाळवून दळलेलं चिकन, ते तिसऱ्या नंबरला असलं तरी प्रोटीन त्यातूनच जास्त येत असू शकतं. आणि 'बाय-प्रॉडक्ट' शब्दाला नाक मुरडणाऱ्यांना मला विचारायचंय की वजडी आणि कलेजी तुम्ही खात नाही का. काळीज, फुप्फुस, गुर्दा हेच ते, सगळी माणसं खात नाहीत पण कुत्र्याला उत्तम. मला खटकतं ते वेगळंच, 'चिकन फ्लेवर' असं पुढे मोठ्ठं लिहून मागे यादीत चिकन शोधावं लागतं ते.

ग्रेन फ्रीचं पण तसंच. धान्य म्हणजे कुत्र्याला विष अशी हवा झालीय आणि त्या हवेचे दुप्पट पैसे लागतात. २०१३ साली नेचर मासिकात एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यांमध्ये स्टार्च पचवणाऱ्या एंझाइमच्या जीनच्या कितीतरी जास्त प्रती असतात, माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगून पचनच तसं झालंय. म्हणजे भात, पोळी, भाकरी शिजलेली असेल तर ती कुत्र्याला पचते. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, धान्य काढून वाटाणा, मसूर वगैरे भरलेल्या फूडचा हृदयाच्या आजाराशी काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती, ठाम कारण काही हाती लागलं नाही, पण ज्याचा फायदाच सिद्ध नाही त्याला मी दुप्पट पैसे का देऊ.

पिल्लू असेल तर मात्र कंजुषी नको, पिल्लांचंच फूड घ्या, आणि मोठ्या जातीचं पिल्लू म्हणजे लॅब्रा, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असेल तर 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं घ्या. यात एक गोष्ट मला अगदी पोटतिडकीने सांगायचीय. दुकानात गेलं की काउंटरवरचा भाऊ फूडसोबत कॅल्शियमचं सिरप हातात ठेवतोच, ताई हाडं मजबूत होतील. अहो, ज्या फूडवर कम्प्लीट लिहिलंय त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, त्यावर आणखी सिरप दिलं तर लहान पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, शोषून घेत राहतं, आणि मोठ्या जातींमध्ये त्यानेच हाडांची वाढ बिघडते. म्हणजे पैसे देऊन पाय वाकडे करून घ्यायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच द्या, एरवी ती बाटली काउंटरवरच राहू दे.

आता घरच्या जेवणाकडे येते कारण खरा वाद आमच्या घरात तिथेच आहे. सासूबाई निफाडच्या. त्यांचं ठाम मत, "अगं आमच्या मळ्यातलं कुत्रं भाकरी-दुधावर म्हातारं होऊन मेलं, त्याला कुठं होती असली पाकिटं." मी म्हटलं, "आई, ते मळ्यातलं कुत्रं भाकरी तुमच्यासमोर खात होतं, बाकीचं जे खात होतं ते तुम्हाला कुठे दिसलं." उंदीर, घुशी, कोंबडीची आतडी, कुणाकडे बोकड कापला तर त्याचं उरलंसुरलं, सगळं त्याचं चालायचं. आमचा बंडू तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला आपण देऊ तेच त्याचं अख्खं जग, त्यात काही कमी असलं तर भरून काढायला मळा नाही.

दुधाचं तर बहुतेक मोठ्या कुत्र्यांना जमतच नाही, पिल्लूपण संपलं की दुधातली साखर पचवणारं एंझाइम कमी होतं, मग पातळ शी, मग आपण डॉक्टरकडे, मग बिल. काही कुत्र्यांना पचतं, नाही असं नाही. दह्यात ती साखर थोडी कमी असते. तर आमच्याकडे बंडूची दुधाची तहान अक्षरशः ताकावर भागवतात, बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं, दोन-चार चमचे. सासूबाईंनी त्याला वाटी वेगळी ठेवलीय, स्टीलची, आणि मला मेलीला प्लॅस्टिकच्या डब्यात ताक देतात.

"मग घरीच चिकन-भात शिजवून घाल की, स्वस्त पडेल" असं पण सगळे सांगतात. केला हिशोब. १२० ग्रॅम तांदूळ, पाव किलो बोनलेस चिकन, एक अंडं, वाटीभर दुधी, चमचाभर तेल, याच्या साधारण ८४० कॅलरी होतात, म्हणजे बंडूचा एक दिवस जेमतेम. बोनलेस ३५० रुपये किलो धरलं तरी चिकनचेच ८७ रुपये, बाकी सगळं मिळून शंभराच्या वर गेलं, गॅस वेगळा. म्हणजे पोत्याच्या जवळपास दुप्पट. चिकनवाल्याकडून पोटा घेतला तर स्वस्त पडतं, प्रोटीनही चांगलं, कलेजी मात्र थोडीच, रोज भरपूर कलेजी घातली तर व्हिटॅमिन ए जास्त होतं. तर स्वस्त हा मुद्दा निकालात निघाला. आणि त्या जेवणात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. बंडूएवढ्या कुत्र्याला दिवसाला एक-सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम असतं, कवच उकळून, कडक वाळवून, मिक्सरला अगदी पीठ करून अर्धा चमचा घातलं की तेवढं भागतं. पण झिंक, आयोडीन, तांबं, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ई हे राहतंच. अमेरिकेतल्या डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या होत्या, त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये एक तरी पोषकद्रव्य कमी निघालं, आणि त्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या रेसिपीसुद्धा होत्या. यूट्यूबवरच्या रेसिपीची काय कथा. घरचंच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण पोषण कळणाऱ्या व्हेटकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि तो सांगेल ती सप्लिमेंटची पावडर चुकवू नका. शाकाहारी घरातही जमतं, कुत्रा मांजरासारखा कट्टर मांसाहारी नाही, हिरव्या ठिपक्याची कम्प्लीट फूड मिळतात, पण नुसता वरण-भात म्हणजे शाकाहारी डॉगफूड नव्हे.

आमचा तह असा झालाय. ९० टक्के कॅलरी पोत्यातून, १० टक्के घरातून. १० टक्के म्हणजे ९० कॅलरी, म्हणजे एक बिनतुपाची पोळी नाहीतर एक उकडलेलं अंडं आणि काकडीचे दोन काप. हा कोटा सासूबाईंचा. त्यांनी तो कधी द्यायचा ते त्यांनी ठरवायचं, पण एकदा दिला की दिला, आणि तेवढं पोत्यातून कमी करायचं. चतुर्थीला त्याला साबुदाण्याची खिचडी का नाही यावर मात्र अजून चर्चा चालू आहे.

आणि आता नाशिककरांसाठी खास. आपल्या जिल्ह्याची शान असलेल्या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विषारी आहेत, द्राक्ष आणि कांदा. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे घरोघरी द्राक्षं असतात, पिंपळगावहून कोणीतरी पेटी पाठवतं, दिंडोरीहून कोणीतरी आणतं, खाली पडलेला मणी कुत्रा चटकन उचलतो आणि आपल्याला कौतुक वाटतं. कौतुक नको. द्राक्षं आणि बेदाणे दोन्हीमुळे कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्लं तर चालेल असं सुरक्षित माप नाही, एखादा कुत्रा मूठभर खाऊन टुणटुणीत राहतो आणि एखादा थोड्याशानेही जातो. आधी उलट्या, सुस्ती, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी. २०२१ पासून अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांचा संशय टार्टारिक ॲसिडवर आहे, ते जातीनुसार आणि पिकण्यानुसार कमी-जास्त असतं म्हणून परिणामही लहरी. आणि टार्टारिक ॲसिड आणखी कशात भरपूर असतं तर चिंचेत. म्हणजे चिंच-गुळाची आमटी भातावर ओतून द्यायची सवय असेल तर आजच बंद करा. शिऱ्यातला बेदाणा, प्रसादातला बेदाणा, चिवड्यातला बेदाणा, हे आपल्या लक्षातही येत नाही. खाल्लाच तर उलटी होतेय का याची वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरला फोन, पहिल्या दोनेक तासांत उलटी करवता येते. घरी मीठ पाजून वगैरे करू नका, मिठाने वेगळीच भानगड होते.

कांद्याचं जरा वेगळं. कच्चा, तळलेला, शिजलेला, वाळवलेला, कुठल्याही रूपातला कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, लसूण तर त्याहून तिखट. एका चमच्याने काही होणार नाही, किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात फरक दिसतो असं मानतात, पण रोज उरलेला रस्सा, रोज मिसळीची तर्री लावलेला पाव, रोज भाजीचं पाणी टाकलेला भात असं करत करत साठत जातं, आणि परिणाम लगेच नाही, काही दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढुरक्या, दम लागतो, लघवी चहासारखी. आपण म्हणतो ऊन लागलं. लासलगावच्या मार्केटचा माल आपल्या प्रत्येक भाजीत आहे, त्यामुळे माझा साधा नियम, आपल्या ताटातलं शिजलेलं त्याला नाहीच. द्यायचंच तर फोडणीच्या आधी भाजी बाजूला काढून द्यायची. चॉकलेट आणि शुगर फ्री गोळ्यांमधलं झायलिटॉल हे तर आहेच, शिजलेली हाडंही नकोत, तुकडे टोकदार होतात.

फूड सूट होतंय की नाही हे कुणी विचारलं तर मी पॅक बाजूला ठेवायला सांगते. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. स्वतःच्या तळहाताच्या पाठीवरून बोटं फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक, मुठीच्या गाठींसारख्या टोचल्या तर कमी पडतंय, तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर वाटी लहान करा. हे शेवटचं लोकांना पटत नाही, गुबगुबीत कुत्रा म्हणजे खात्यापित्या घरचा. पण २००२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रा पिल्लांच्या जोड्या करून जन्मभर एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले आणि जास्त खाणारे ११.२. पैसे वाचवून कुत्रा जास्त जगतो असा सौदा दुसरीकडे कुठे मिळेल सांगा. शी घट्ट, उचलता येण्याजोगी हवी, केस चमकदार हवेत, बस. खाजवतोय म्हणून लगेच फूड बदलू नका, आधी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, अंगावर पिसवा बघा, पावसाळ्यात तर हमखास तेच असतं. खरीच फूड ॲलर्जी असेल तर ती बहुतेक वेळा बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू यांची असते, आणि ती शोधायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठेक आठवडे पथ्य लागतं. बदलायचंच तर आठवडाभरात हळूहळू, आधी पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण.

राहिलं पोतं किती मोठं घ्यायचं. मोठं पोतं किलोमागे स्वस्त पडतं हे खरं, पण उघडल्यावर साधारण सहा आठवड्यांत संपलं पाहिजे, नाहीतर फॅट खवट होतं, व्हिटॅमिन उडतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर आठ दिवस तोंड उघडं राहिलं तरी बुरशी. बंडू दिवसाला २८८ ग्रॅम खातो धरलं तर २० किलो सत्तर दिवस पुरतं, म्हणजे एकट्यासाठी मोठंच. १० किलो पस्तीस दिवसांत संपतं, ते बरोबर. सुटं डॉगफूड घेऊ नका असं माझं मत, पोतं फोडून किलोवर विकतात, दहा-वीस रुपये कमी पडतात खरे पण एक्सपायरी नाही, बॅच नंबर नाही, कधी उघडलंय ते कोणालाच माहीत नाही. घरीसुद्धा फूड डब्यात ओतायचं नाही, पोतंच गुंडाळून, चिमटा लावून डब्यात ठेवायचं, म्हणजे तारीखही समोर राहते आणि डब्याला चिकटलेलं जुनं तेल नव्या फूडला लागत नाही.

आम्ही यावर एक तोडगा काढलाय. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे तीस किलोची लॅब्रा आहे, दोघं मिळून २० किलोचं पोतं घेतो, दोघांचं मिळून महिन्याच्या आत संपतं आणि किलोचा भाव मोठ्या पोत्याचा लागतो. पार्किंगमध्ये वजनकाटा ठेवून वाटणी होते, पॅकच्या तारखेचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये, मूळ पोतं एका महिन्याला त्यांच्याकडे एका महिन्याला माझ्याकडे, दुसऱ्याने आपल्या वाट्याचं धुऊन वाळवलेल्या डब्यात न्यायचं. गेल्या महिन्यात काकांनी दहा ग्रॅमवरून वाद घातला, आणि आता त्यांना पुढचं पोतं चिकनऐवजी मटणाचं हवंय, म्हणे लॅब्राला चिकनचा कंटाळा आलाय. लॅब्राला. जी परवा त्यांचा मोजा गिळून बसली होती.